भेदरं म्हणू नको

नांदगाव पेठ,
कार्तिकी पौर्णिमा, सन १९३८

माणिकबाईले देवीदासचा रामराम. पायावर डोकं ठेवलं असं समजून घेजो.

बाई, दिवाळीले तुनं शालूले पाठवलं नाही तवा मी रागावलो होतो. आता राग नाही. शेजारची गोदाबाई परवा अकोल्याहून, लेकीकडून आली. तिनं सांगतलं की शालूले दिवस गेले, तिसरा महिना सरला. तुनं मले कळवलं नाही. मांगं दोनदा कळवलं अन् दोनदा वाईट झालं, म्हणून यंदा तोंड दाबून बसली असशीन. पहिलं पाचव्यात गेलं, दुसरं सातव्यात. हे तिसरं तरी राहावं, याच्यापरीस मले आता काही मागाचं नाही.

गोदाबाई म्हणे पोरगी वाळून काडी झाली. ताटावर बसते अन् उठते. गोदाबाई निघाली तशी हिनं तिच्या कानात सांगतलं, 'काकू, माह्या बाबाले म्हणा, वावरातले भेदरे पाठवा.' हे गोदाबाईनं माह्या अंगणात चार जणांपुढं सांगतलं अन् रडत बसली. मले तिले चहा करून द्यावा लागला.

शालूची माय असती त पहिल्या बाळंतपणाले लेक माहेरी आली असती, अन् हे पत्र लिहाचं काम पडलं नसतं. आता माही बहीण म्हणून माहेरही तूच, अन् तिची सासू म्हणून सासरही तूच. मी इथं एकटा, चूल फुंकून भाकर जाळून खातो. माह्याकडे आणून तिले कोण पाहीन?

म्हणून गोदाबाईच्या जावयासंगं टोपली पाठवून राहिलो. बाबाच्या वेळचे भेदरे आहेत, उकिरड्याच्या कोपऱ्यात आपोआप उगवते ते. लाल, आंबट-गोड, चपटे, फाका पडलेले, देठापाशी हिरवे. तुले काय सांगाचं. एखादं चुलीच्या आरावर भाजून, मिरची-मीठ लावून भाकरीसंगं देजो. खाईन ते.

माही कंबर धरली आहे. एक बैल राहिला, तोही माह्यासारखाच. भाऊजीचा दमा कसा आहे ते लिहजो.

देवीदास


अकोला,
ता. १६ नोव्हेंबर १९३८

देवीदासले माणिकचे आशीर्वाद.

टोपली पोचली. शेजारच्या शकुनच्या बकऱ्यांपुढं टाकली. भडकू नको, आधी सारं वाच.

पोटुशी बाईनं भेदरं खाल्लं की लेकरू भेदरट निपजते. नावातच आहे, त कोणाले इचाराचं काय काम? आमच्या सासूबाई मले घसा कोरडा होईस्तोवर सांगत. पण त्यांचं ऐकायच्या आधी सहदेव होऊन गेला होता. त्याच्या वेळी मी माहेरी किती खाल्ले तुले ठाऊक आहे. तूच धोतराच्या ओच्यात भरभरून आणत होता अन् मी बाजंवर बसून मिठासंगं खात होती. आता पाह्य तुहा भाचा. भाचा अन् जावई दोन्ही. सव्वीस वर्षाचा बाप्या झाला, कापसाच्या जिनात कामाले आहे, पण तिथला भोंगा वाजला की अजून दचकते. वजनकाट्यावरच्या बाबूले एक दिवसाची सुटी मागाची त आठ दिवस जीभ उचलत नाही. रस्त्यात बैल दिसला की गल्ली बदलते. माळ्याच्या लेकीच्या पोटचा पोरगा अन् बैलाले भेते.

अन् शालूचंही पाह्य. दोन्ही वेळा दिवाळीले तुह्याकडे आली, दोन्ही वेळा भेदरे खाऊन आली. लेकरं पोटातच भेदरून गेली. मी तुले दोष देत नाही. पण यंदा माह्या उंबऱ्याच्या आत भेदरं येणार नाही.

तू म्हणशीन डोहाळे नाही पुरवले त लेकराचे कान फुटते. कान फुटले त तेल घालता येते. काळजाचं काय करू?

ती खात नाही हे मलेही दिसते. दवाखान्यातली डॉक्टरीण बाई म्हणे रक्त कमी आहे, टमाटर द्या. टमाटर म्हणजे ते विलायती, गोल, गुळगुळीत, साहेब लोक खातात ते. सहदेवले स्टेशनाकडे पाठवून आणले. शालूनं एक घास घेतला अन् म्हणाली, 'आत्या, ओला कापूस चावल्यासारखं लागते.' शिळे असतील. तू बगिच्याचा माणूस आहे, तुले टमाटर लावता येत असतील त लाव अन् ताजे पाठव. भेदरं पाठवू नको. पत्रात भेदरं म्हणूही नको, पत्र मी शालूपुढं वाचते.

तुह्या भाऊजीच्या छातीत जिनातली कापसाची बारीक किट बसली ती बसलीच. बसून झोपते बिचारे. सकाळी पाणी, मंग चूल, मंग त्यांचा शेक, मंग हिच्या ताटापाशी बसून एक-एक घासाची मनधरणी. दुपारी पाठ टेकली की वाटते उठूच नये.

माणिक


नांदगाव पेठ,
ता. २४ नोव्हेंबर १९३८

बाईले देवीदासचा दंडवत.

तुह्या पत्रानं मी बऱ्याच दिवसांनी हसलो. मंग वाईट वाटलं, पण आधी हसलो.

अवं बाई, तू कोणाची लेक? बाबा गेले ते बरं झालं, नाही त त्यांनी कपाळावर हात मारला असता. टमाटर अन् ते दुसरं, ज्याचं नाव घ्याचं नाही, एकच जात आहे. एकाले विलायती बी, एकाले गावचं. तू माहेरी मैना होती, बोहल्यावर भाऊजीनं तांदळात माणिक लिहिलं. म्हणून काय दोन बाया झाल्या?

पण तुह्या घरी तुहं राज. टमाटर पाहिजे त टमाटर घे. यंदा माह्याकडे दोन ओळी आहेत. शेतकी खात्याच्या फार्मवरून बी आणलं अन् त्याच्यासंगं पांढरं खत, मिठासारखं. खरं सांगतो, चवीसाठी नाही आणलं. शेण वाहाचा कंटाळा आला म्हणून आणलं. एका बैलाचं शेण किती असते, अन् ते डोक्यावरून वाहून वाहून माही मान आत गेली. पांढरं खत मुठीनं टाकलं, पाणी सोडलं, की झालं. फळ मुठीएवढं. अमरावतीच्या कॅम्पातले खानसामे हातोहात नेते. मी एक कापून भाकरीसंगं खाल्लं, अन् दुसरं कापलं नाही.

तरी पाठवतो. बडनेऱ्याचा पंजाबराव रेल्वेत आहे, तो टोपली तुह्या हाती देईन. पोरगीनं खाल्लं त मी फार्मवाल्याच्या पाया पडीन.

सहदेवचं म्हणशीन त, तो भेदरट आहे हे कबूल. पण तो आहे. तुह्या बाकीच्या दोघा पोरांचं मी नाव काढत नाही.

देवीदास


अकोला,
ता. १५ डिसेंबर १९३८

देवीदासले आशीर्वाद.

तुले हसू आलं, चांगलं झालं. घरात कोणाले तरी यावं.

दोन बाया नाही झाल्या म्हणतो. झाल्या. तुले काय ठाऊक, तुहं नाव कोणी बदललं नाही. मैना चिंचेवर चढे, मोटेवर बसून गाणं म्हणे, बाबाच्या हातातली भाकर हिसकून खाय. इकडे आली अन् सासूबाई म्हणाल्या, माणिक, पदर घे. मी पदर घेतला. तवापासून मैना कोणी पाहिली? तूही मले बाईच म्हणते. नाव बदललं की गुण बदलते, अन् हे मी तोंडची वाफ म्हणून नाही सांगून राहिली. म्हणून भेदरं ते भेदरं अन् टमाटर ते टमाटर. यावर आता पत्र खर्च करू नको.

पंजाबराव टोपली देऊन गेले. दिसाले असे की रंग दिलेले लाकडी खेळणे. शालूनं बापाचे म्हणून हावरेपणानं उचलला. चावला. तोंडात धरून बसली. मंग मले वाईट वाटू नये म्हणून गिळला. दुसऱ्याले हात लावला नाही. मीही खाऊन पाहिला, देवीदास. वास नाही, आंबट नाही, गोड नाही. पाण्याले कातडं लावल्यासारखा. आपल्या घरून असं फळ कधी निघालं नव्हतं. मले तुही लाज नाही वाटली, तुही कीव आली.

आता जे लिहिते ते तुले लिहाचं नव्हतं. काल मी न्हाणीतून आली त शालू चुलीमांगच्या भिंतीपाशी पाठमोरी उभी. नखानं पोपडा काढून तोंडात टाकून राहिली होती. माती खाते. हाताले धरलं त रडली नाही, काही नाही, नुसती म्हणाली, 'आत्या, हिले वास आहे.' डॉक्टरीण म्हणे असं चाललं त लेकरू काही टिकत नाही अन् हिचंही सांगता येत नाही.

मले आता काही सुचत नाही. रागावून झालं, समजावून झालं, देवापुढं बसून झालं. तुले सुचत असलं त कर.

माणिक


नांदगाव पेठ,
ता. २० डिसेंबर १९३८

बाईले दंडवत.

मातीचं वाचलं अन् पत्र खाली ठेवलं. शालूची मायही शेवटल्या वेळी माती खात होती. मी तवा हसण्यावारी नेलं. हे पोट्टीपुढं वाचू नको.

त आता ऐक, मी काय केलं. टमाटराच्या एका ओळीचं पांढरं खत बंद केलं. बुडाची माती खरवडून काढली. उकिरड्याच्या तळचं जुनं खत, जे चहाच्या पत्तीसारखं मोकळं झालं ते, अन् शेळ्यांच्या लेंड्या, अन् चुलीची राख, असं प्रत्येक झाडाले दिलं. डोक्यावरूनच वाहिलं, कंबर बोंबलत होती, बोंबलू दिली. अन् पाणी तोडलं. पाणी पाजत राहिलं की फळ फुगते अन् झाड आळशी होते. तहान लागली की झाड मुळं खाली घालते अन् जे काही आहे ते फळात आणून ठेवते. बाबा म्हणत, 'फळाले थोडं उपाशी ठेवा, मंग ते खाणाऱ्याले उपाशी ठेवत नाही.' मी हे विसरलो नव्हतो. मले जीवावर आलं होतं, एवढंच.

झाडावरची बाकीची फळं तोडून टाकली, दोन-दोन ठेवली. खानसामा आला होता, त्याले रिकाम्या हातानं परत पाठवलं.

संक्रांतीपर्यंत पिकते. तोवर पोट्टीले कसंही करून जगव. मठ्ठा दे, कढी दे, जे उतरते ते दे. अन् भिंतीले चुना लावून घे, म्हणजे खाणार नाही.

बाई, तू मैना नाही राहिली असं म्हणते. मले त तुह्या पत्रातला राग तोच वाटते.

देवीदास


अकोला,
ता. ३ जानेवारी १९३९
(कार्ड)

देवीदास, थंडी लयच पडली. तुह्या भाऊजीले दोन दिवस श्वास नव्हता, आता बरे. शालू परवा नळावर चक्कर येऊन पडली. घागर फुटली, तिले लागलं नाही. पाचवा सरत आला. पहिलं याच्यातच गेलं होतं. पाठवाचं असलं त लवकर पाठव. माणिक.


नांदगाव पेठ,
ता. १२ जानेवारी १९३९

बाईले देवीदासचा दंडवत.

पंजाबरावसंगं टोपली पाठवली आहे. टमाटर आहेत.

आता थोडं सांगून ठेवतो. थंडीनं यंदा सारे बगिचे काळे पडले, आपल्या ओळीलेही धक्का बसला. म्हणून टमाटर जरा लहान आहेत. आकाराले थोडे चपटे वाटतील. थंडीनं फळ बसते, त्याच्यानं तसं होते. कोणाकोणाले फाका पडल्यासारखं दिसीन, तेही थंडीचंच. देठापाशी हिरवं दिसलं त कच्चं समजू नको. शेणखतावरच्या टमाटराले कधीकधी असं होते, फार्मवाल्यानंही सांगतलं. म्हणजे सांगतलं असतं, मी विचारलं नाही.

आकाराकडे पाहू नको. शालूले दे. तू स्वतः त्याच्याकडे फार पाहू नको, तुही नजरही आता कमी झाली असीन.

वर पळसाची पानं अन् गवत घातलं आहे. गवत काढलं की लगेच दे, उघडे ठेवू नको.

तिळगूळ सोबत आहे.

देवीदास


अकोला,
ता. २० जानेवारी १९३९

देवीदासले आशीर्वाद.

टमाटर पोचले.

शालूनं त्याच दिवशी एक भाजून खाल्लं. मंग आणखी एक कच्चंच, मिठासंगं. मंग अर्धी भाकर. रात्री आपण होऊन म्हणाली, आत्या, भूक लागली. हे शब्द या घरात दिवाळीपासून ऐकले नव्हते. मी उठली अन् तव्यावर भाकर टाकली, अन् भाकर टाकता-टाकता मले रडू आलं. धुराचं आहे म्हटलं.

तू लिहिलं तसे चपटे आहेत खरे. थंडीनंच झाले असतील. फाकाही आहेत. माही नजर कमी झाली आहे, हे तुनं बरोबर ओळखलं.

तुह्या भाऊजीनंही एक खाल्लं. म्हणाले, 'अवं, हे टमाटर म्हणजे अगदी आपल्या...' मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. शहाणे आहेत.

असे टमाटर आणखी पाठव. जेवढे होतील तेवढे.

माणिक


नांदगाव पेठ,
महाशिवरात्र झाल्यावर, १९३९

बाईले दंडवत.

तुहा सहदेव येऊन गेला. परवा दुपारी मी मोट सोडून बसलो होतो, त बांधावर कोणी तरी उभं. पाहिलं त हा. कोट, टोपी, धूळ. म्हणे टोपली न्याले आलो. पंजाबरावची ड्युटी बदलली, तिकडे शालूचे टमाटर सरले, म्हणून बाबूले सुटी मागून आला. मी म्हटलं, बाबूनं दिली? म्हणे, पहिल्यांदा नाही दिली. मंग मी तिथंच उभा राहिलो. तो दुसरं काम करे, मी उभाच. शेवटी वैतागून दिली.

बैल दावणीले होता अन् कोपऱ्यातली झाडं बैलाच्या पलीकडं. सहदेव थांबला. मी बैलाले बाजूले घ्याले उठत होतो, तेवढ्यात तो त्याच्या अंगाले घासून गेला. डोळे मिटून गेला, पण गेला. तोडून परत आला. मी म्हटलं, अरे, तू त बैलाले भेते. त मले म्हणे, 'मामा, भेतोच. पण शालूले उपाशी पाहाले त्याच्याहून जास्त भेतो.'

बाई, मले त्याच्यापुढं बसवेना. मी चहा कराच्या निमित्तानं आत गेलो.

कोणत्या कोपऱ्यातून तोडलं, ते तो पाहून गेला आहे.

आता ऊन तापलं. या खेपेले जे आहेत ते शेवटले. झाडं पिवळी पडली. पुढचे तीन महिने तुमचे तुमी काढा, माह्या हातात काही राहिलं नाही. एक फळ बियाले ठेवलं आहे.

देवीदास


अकोला,
ता. १४ मे १९३९

देवीदासले माणिकचे आशीर्वाद.

पोरगी झाली. शालू बरी आहे. दोघी आहेत. हे आधी लिहिते, मंग बाकीचं.

परवा दुपारी, उन्हाच्या ऐन वख्ती. सुइणीले वाटलं होतं आडवं आहे, पण फिरलं. लेकरू लहान आहे, दोन ओंजळीचं, पण पुऱ्या दिवसाचं आहे. डॉक्टरीण येऊन पाहून गेली, म्हणे नीट आहे. शालू थकली आहे. फार थकली आहे. पण काल कढी-भाकर खाल्ली. सहदेव पहाटेपासून दाराबाहेर उभा होता. कोणी बस म्हटलं तरी बसला नाही. भेदरलाच होता, खोटं कशाले बोलू. पण जागचा हलला नाही.

पोरगी रडली तशी शकुनच्या बकऱ्या दावं तोडून पळाल्या. शकुन अजून मले बोलून राहिली.

आता तुह्या टमाटराचं.

तुले वाटलं बाईले फसवलं. जानेवारीत मी टोपलीवरचं गवत उचललं अन् पाहाची गरजच पडली नाही. वास आला. मोटेचं पाणी पहिल्यांदा कोरड्या ओळीत पडते तवा जो येते, अन् बाबाच्या हाताले जो येत होता, तो. फाका पडलेलं टमाटर थंडीनं होते म्हणतो. मी माळ्याची लेक आहो, गाढव नाही.

मी टोपली पुढ्यात घेऊन बसली. दारात शकुनची बकरी येऊन उभी राहिली होती, तिले या घरची सवय झाली होती. मी एकदा टोपली उचललीही. अन् तवा तुह्या पत्रातलं वाक्य आठवलं. तो भेदरट आहे, पण तो आहे.

बाकीच्या दोघांचं तू नाव काढत नाही. आज मी काढते. माह्या खुशाल अन् भगवंताच्या वेळी सासूबाईनं मले त्या फळाचा वासही घेऊ दिला नाही. दोघं वाघासारखे निपजले. विहिरीच्या काठावरून धावत, अंधारात जात, कोणत्या कुत्र्याले भेत नव्हते. लोक म्हणत, माणिकचे पोरं पाहा. देवीच्या साथीत आठ दिवसांच्या आत दोघं गेले. माह्याजवळ राहिला तो भेदरट. सव्वीस वर्षं मी त्याले त्याच्या भेदरटपणावरून बोलत आली, अन् तो सव्वीस वर्षं माह्याजवळ बसून जेवत आला.

भ्याचाही कंटाळा येते, देवीदास. तोवर पाच महिने मी दुसरं काही केलं नव्हतं. त्या दिवशी टोपली घेऊन बसली तवा एकाएकी वाटलं, आता नाही होत. म्हटलं, भेदरट त भेदरट, पण राहू दे. अन् बकरीले हाकललं.

शालूले म्हटलं, तुह्या बापाचे टमाटर आले. तिनं एक उचललं, नाकाशी नेलं, माह्याकडे पाहिलं. म्हणे, 'हो आत्या, टमाटरच आहेत.' मी चुलीतला आर पुढं ओढला. तुह्या भाऊजीले ठाऊक, सहदेवले ठाऊक. दीड-दोन महिने या घरात सारे जण भेदरे खात होते अन् टमाटर म्हणत होते.

बाराव्या दिवशी बारसं आहे. ये. कंबर धरली असं कारण सांगू नको, माहीही धरली आहे. सहदेवले बहीण नाही, त बाळाच्या कानात नाव सांगाले आत्या कुठून आणाची? म्हणून मीच सांगणार आहो. तुमी कोणी नावं सुचवू नका. माहेरचं एक नाव कधीचं रिकामं पडलं आहे, तेच देते. फार वापरलेलं नाही, नव्यासारखंच आहे.

येताना बियाले ठेवलेलं ते फळ घेऊन येजो. मोरीच्या पाण्यावर कोपऱ्यात लावीन, मृग लागला की. पांढरं खत आणू नको, शेणाची पाटी आणजो, गाडीत लोक नाक धरतील त धरू दे. शकुनले मी सांगून ठेवलं आहे, आता बकऱ्या बांधून ठेवत जा.

माणिक